शेरा: ऑफ

सुरत महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा यापुढे कुणाचीही हजेरी घ्यायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. लिंबायतच्या पोरांची नावं पुकारून पुकारून घसा बसला होता. पण रिकामं बसून डोकं फिरायची वेळ आली आणि सहा महिन्यांच्या आत मी पुन्हा एका यादीसमोर येऊन बसले. घरापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानशी संस्था होती. टीबीच्या पेशंटांना घरपोच गोळ्यांचा डबा द्यायचा, रोज घेतात की नाही ते बघायचं, कुणी मध्येच सोडल्या तर समजावून पुन्हा सुरू करायच्या, एवढंच तिचं काम. "बाई, तुमचं अक्षर किती सुंदर. आमची यादी तुम्हीच सांभाळा," असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि मी हुरळून गेले. जाऊन बघते तर यादी टॅबलेटवर. अक्षराचा कुठे संबंधच नव्हता.

यादीत दीडदोनशे नावं आणि ती घेऊन फिरणारी माणसं तिघं: एक लिंबायतची, एक बमरोलीची, एक कामरेजचा. त्यांना स्वतःची नावं होतीच, पण टॅबलेटच्या पाठीवर भागाचं नाव चिकटवलेलं असायचं आणि आम्ही त्याच नावानं हाका मारायचो. लिंबायतची चाळिशीची, धुळ्याकडची, नवरा यंत्रमागावर कामाला. घरी अहिराणी आणि ऑफिसातही अहिराणीच. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न तिनं पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. बमरोलीची वयानं लहान, गुजराती शाळेत शिकलेली, मराठी फक्त तोंडी येणारी. कामरेजचा गुजराती गृहस्थ, मोटारसायकलवरून उसाच्या शेतांतल्या मजुरांपर्यंत जायचा आणि मला 'बेन' म्हणायचा.

तिघांच्याही टॅबलेटवर पूर्ण यादी असायची. कारण आमचे पेशंट एका जागी राहणारे नव्हतेच. माग बदलला की खोली बदलायची, आज लिंबायतमध्ये तर उद्या बमरोलीला. गल्लीबोळात नेट मिळायचं नाही, म्हणून दिवसभर ज्यानं त्यानं आपापल्या टॅबलेटवर लिहायचं, आणि साडेपाचला ऑफिसात आल्यावर माझ्या संगणकाशी सगळ्या याद्या जुळवून घ्यायच्या; कामरेजचा लांबचा, तो आठदहा दिवसांनीच यायचा. याला 'सिंक' म्हणतात. लिंबायतची त्याला 'शिंक' म्हणायची. दारातूनच विचारायची, "बाई, मनी शिंक व्हयनी का?" टीबीच्या ऑफिसात शिंकेची ही चौकशी ऐकून नवा माणूस दचकायचा. मी तिला दोनदा सुधारलं आणि मग मीसुद्धा शिंकच म्हणायला लागले.

दोन टॅबलेटवर एकाच माणसाबद्दल वेगवेगळं लिहिलेलं असलं तर कोणतं धरायचं, असं सॉफ्टवेअर करणाऱ्यानं बडोद्याहून फोन करून मला विचारलं होतं. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, जी नोंद नंतरची ती खरी. त्यानं तसा नियम बसवून दिला. चार पर्यायही मीच सांगितले: चालू, पूर्ण, स्थलांतर, मृत. यांतला एक निवडल्याशिवाय नोंद पुढे सरकायची नाही. रिकामा रकाना मला आयुष्यात खपला नाही. वर्गातही पोरगं हजर असेल नाहीतर गैरहजर असेल, तिसरं काही माझ्या हजेरीत नव्हतं.

यादीत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. आता तिशीची, दोन मुलांची आई, घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. शाळेत असताना तिची आई दरवर्षी आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला तिला गावी घेऊन जायची आणि मी दरवर्षी संतापून तिचं नाव कमी करायची. जूनमध्ये ती परत यायची, मी नाव पुन्हा लिहायची, अर्थात सगळ्यात खाली. तिचा नंबर यायच्या आधीच ती 'हजर' म्हणून मोकळी व्हायची. आपल्याला विसरतील अशी तिला भीती वाटत असणार. तेव्हा मला ते आगाऊपणाचं वाटायचं.

तिच्या गोळ्यांचे सहा महिने होते. दोन व्यवस्थित झाले. तिसऱ्या महिन्यात आखाजी आली आणि अर्धं लिंबायत खानदेशात गेलं. त्या शनिवारी मी महिन्याची यादी साफ करत बसले होते. माझ्या विद्यार्थिनीच्या ओळीत चार दिवस काहीच नोंद नव्हती. लिंबायतचीनं ऑफिसात ठेवलेल्या तिच्या टॅबलेटवर पर्यायाचा रकाना अर्धवट सोडलेला, आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: ऑफ.

तो शब्द मी कसा वाचला, हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे शिकल्यासवरल्या घरांत कुणी मेलं असं म्हणत नाहीत. 'अण्णा ऑफ झाले' असं हळू आवाजात म्हणतात. इथं सुरतेत गुजराती शेजारीही 'काका ऑफ थई गया' म्हणतात. मृत्यू म्हटलं की अंगावर येतं, ऑफ म्हटलं की जरा बरं वाटतं, म्हणून आम्ही हा शब्द जवळ केलेला. मी ती ओळ वाचली आणि ती गेली, असंच धरलं.

लिंबायतचीला विचारायला हवं होतं. ती स्वतःही आखाजीला माहेरी गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. सोमवारी विचारता आलं असतं. पण महिन्याची यादी त्याच संध्याकाळी पुढे पाठवायची होती, तिच्यावरून पुढच्या महिन्याचा साठा येणार होता, आणि अर्धवट रकाना मला बघवत नव्हता. दोन वेण्या घातलेली, नंबराच्या आधी हजर म्हणणारी मुलगी डोळ्यांसमोर आली आणि मला रडू आलं. मग डोळे पुसले आणि चारांतला शेवटचा पर्याय निवडला. संध्याकाळी शिंक झाली आणि तिचं नाव सगळ्या टॅबलेटांच्या कामाच्या यादीतून निघून गेलं. सोमवारी लिंबायतची आली, तिला ते नाव दिसलंच नाही. न दिसणाऱ्या नावाबद्दल कोण विचारणार?

पाच आठवड्यांनी दुपारी बमरोलीचीचा फोन आला. "बाई, तुमची मेलेली पेशंट माझ्यासाठी चहा ठेवतेय." मला आधी थट्टा वाटली, कारण तिला तशी सवय होती. पण आवाज थट्टेचा नव्हता. दुसऱ्या एका पेशंटसाठी ती त्या गल्लीत गेली होती, तर शेजारच्या खोलीत एक बाई खोकत होती. कार्ड मागितलं, नंबर घातला, तर टॅबलेट म्हणाला, ही नोंद मृत म्हणून बंद आहे. तिचा नवरा पांडेसऱ्याच्या बाजूला दुसऱ्या मागावर लागला, म्हणून गावाहून परत आल्यावर त्यांनी बमरोलीला खोली घेतली होती.

मी रिक्षा केली. रस्ताभर एकच विचार होता की ती जिवंत आहे, आणि मला एवढा आनंद झाला होता की पाच आठवड्यांचा हिशोब डोक्यात शिरलाच नाही. खोलीत साड्यांचे गठ्ठे, मध्ये ती बसलेली. चेहरा उतरलेला, पण ओळखण्यासारखा. मला बघून उठली, पदर सारखा केला. "बाई, तुम्ही? इतल्या दूर?" मी म्हटलं, "गोळ्या का बंद केल्यास गं?" माझा आवाज चढला होता, शाळेतलाच. ती गोंधळली.

"कोणीच उनं नही ना, बाई," ती म्हणाली. "मंग माले वाटनं, नाव निंघी गयं म्हंजे दवाई सरनी."

कुणी आलं नाही, म्हणजे औषध पूर्ण झालं, म्हणजे आपण बरे झालो, असं तिनं धरलं होतं. गावाहून आल्यावर एक दिवस ती मुद्दाम जुन्या खोलीवरही जाऊन आली होती. तिथल्या शेजारणी म्हणाल्या, तुझ्या नावानं आता कुणी विचारत येत नाही. तेव्हा तिनं देवीला नारळ फोडला आणि नव्या गल्लीत पेढे वाटले. मी हे ऐकत होते आणि तिच्या मुलीनं माझ्या हातात चहाचा कप दिला. तो पिताना माझी मान वर होईना.

मी तिला खरं सांगितलं. तुझ्या नावापुढे मी चुकून भलतंच लिहिलं, असं म्हटलं. काय लिहिलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली, मग हसता हसता खोकली. "शाळामां बी तुम्ही मनं नाव काढी टाकेत, मंग परत लिखेत. काय व्हयनं मंग? परत लिखी ल्या."

परत लिहून घेते, असं कबूल करून मी ऑफिसात आले. लिंबायतची तिथेच होती. मी तिला टॅबलेटमधला शेरा उघडून दाखवला आणि तडकून विचारलं, हे काय लिहिलंस. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं. "फोन ऑफ व्हता तिना. मी फोननं लिखेल शे, बाई." मी म्हटलं, मग फोन असं लिहायला काय झालं होतं? ती जराही चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "माग ऑफ व्हस, लाईट ऑफ व्हस. माणूस कसा ऑफ व्हई? माणूस मरस तं मी मरना लिखस."

तिच्या बोलण्यात यंत्रं ऑफ होतात आणि माणसं मरतात. मेला म्हणायला लाजणारे आम्ही. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईनं एक शब्द चुकीचा वाचला होता आणि जिनं लिहिला तिनं तो अगदी बरोबर लिहिला होता.

त्याच संध्याकाळी मी नोंद उघडून 'मृत' काढलं, 'चालू' केलं, चारदा तपासलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थुंकी तपासायला पाठवली आणि सध्या जुन्याच गोळ्या पुन्हा सुरू करायचं ठरलं. डबे आठवड्याच्या शेवटी यादीप्रमाणे भरून यायचे. शुक्रवारी डबे आले, त्यात तिचा नव्हता. यादी बघितली तर ती पुन्हा मृत.

मी कपाळाला हात लावला. पुन्हा चालू केलं. पाचसहा दिवस बरे गेले, आणि पुढच्या शुक्रवारच्या आधीच परत मृत, डबा नाहीच. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय, मीच दाबतेय काहीतरी. बडोद्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, तुमच्याच कुठल्यातरी टॅबलेटवरून नंतरची नोंद येतेय, आणि नंतरची ती खरी असं तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, मेलेलं माणूस जिवंत झालं तर पुन्हा मारायचं नाही, एवढा साधा नियम त्याला शिकवता येत नाही का? त्यानं विचार केला आणि म्हणाला, मॅडम, मेलेलं माणूस जिवंत होईल असा पर्याय आपण ठेवलेला नाही.

शेवटी सापडलं ते असं. कामरेजच्याच्या टॅबलेटची बॅटरी एकदा पार उतरली होती आणि तारीख गेली होती. त्यानं ती हातानं बसवली, दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस. त्यामुळे त्याचा टॅबलेट दोन महिने पुढे चालत होता. तो आठदहा दिवसांनी एकदा ऑफिसात यायचा, आणि आला की त्याच्याकडची, तिला मृत म्हणणारी जुनी यादी भविष्यातली तारीख घेऊन सगळ्यांच्या वर बसायची. माझ्या विद्यार्थिनीला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बेन, मने तो खबर ज नथी." त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मी त्याच्यावर ओरडणार होते, पण तो माणूस रोज उन्हातून कुठल्या कुठे जाऊन येतो, आणि चूक म्हणावी तर दोन आकड्यांची. मला ओरडायला कुणी उरलंच नाही.

तारीख सुधारली, तिचं नाव जागेवर बसलं. पण मधल्या घोळात तिचे आणखी पंधरा दिवस कोरडे गेले होते. मी दुसऱ्या कुणाच्या डब्यातल्या चार गोळ्या काढून तिला देऊ का, असं डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, बाई, मग ज्याच्या काढाल त्याचं काय? तपासणीचा कागद आला. नेहमीच्या गोळ्यांना तिचा आजार आता दाद देत नव्हता. वेगळ्या गोळ्या, जास्त कडक, जास्त दिवसांच्या. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. त्यांनी कागद फाईलला लावला. मग म्हणाले, गोळ्यांत खंड पडल्यामुळेच झालं असं सांगता येत नाही. आधीपासूनही असू शकतं. मी विचारलं, म्हणजे माझ्यामुळे नाही? ते म्हणाले, तसंही सांगता येत नाही.

या दोन वाक्यांच्या मध्ये मी तेव्हापासून राहते आहे. कुणी मला दोष दिला असता तर मी पाया पडले असते, कुणी सोडून दिलं असतं तर झोपले असते. दोन्ही झालं नाही.

मग मी रोज पाचला तिला फोन करायला लागले. नियम म्हणून नाही, मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. गोळी घेतलीस का, एवढंच विचारायचं. नव्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, पायांची आग व्हायची, टिकल्या चिकटवताना हात थरथरायचे. ती हे सगळं मला सांगायची नाही, बमरोलीची सांगायची. मला फोनवर ती फक्त एक शब्द म्हणायची, तोही मी विचारायच्या आधी. फोन उचलला की लगेच, "हजर, बाई." मग मी फोन ठेवायची आणि स्वतःच्या हातानं तिच्या ओळीत 'चालू' भरायची. असे चार महिने गेले. एकदोनदा मला वाटायला लागलं की हे निभावून जाईल.

गेल्या मंगळवारी पाचला तिचा फोन लागला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी, म्हणजे काल, बमरोलीची खोलीवर जाऊन आली. दाराला कुलूप होतं. एका शेजारणीनं सांगितलं, गावी गेले सगळे, तिकडे कुणाचं तरी लग्न आहे. दुसरी म्हणाली, रात्री तिला फार त्रास झाला, रिक्षात घालून कुठल्यातरी दवाखान्यात नेलं. नवऱ्याच्या मागावर विचारलं, तर तो रजेवर. बमरोलीची दोन दवाखाने फिरून आली, नाव मिळालं नाही.

साडेपाचला तिघंही ऑफिसात होती. आधी कामरेजच्याची, मग लिंबायतचीची यादी जुळली. बमरोलीची टॅबलेट घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. माझ्या विद्यार्थिनीच्या ओळीवर पडदा अडला होता. चालू, पूर्ण, स्थलांतर, मृत. एक निवडा.

"बाई, काय टाकू?"

माहीत नाही असा पाचवा पर्याय घाला म्हणून मी मागेच बडोद्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मॅडम, तो वर पाठवायच्या तक्त्यात बसत नाही. लिंबायतची पिशवी खांद्याला लावून दारात थांबली होती. आलेल्या सगळ्यांची शिंक झाल्याशिवाय कुणाचीच पूर्ण होत नाही, आणि तिला घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या.

"काही नको टाकू," मी म्हटलं.

"मग हे अडून राहील."

"राहू दे."

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मी फोन उचलला आणि पुन्हा तोच नंबर लावला. पलीकडून एक बाई गोड गुजरातीत सांगायला लागली की आपण ज्यांना फोन केला आहे त्यांचा फोन सध्या स्विच ऑफ आहे. मी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि परत नंबर लावला.